जमैकाची भिंतीआडची पुळण

जमैकाच्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर माँटेगो बे, ओचो रिओस आणि नेग्रिल या तीन गावांच्या आसपास जी मोठी रिसॉर्ट्स आहेत, त्यांतली बहुतेक ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ पद्धतीने चालतात. खोली, तिन्ही वेळचे जेवण, मधल्या वेळचे खाणे, दारूसकट सगळी पेये, संध्याकाळचे गाणे-बजावणे आणि कयाक, शिडाची छोटी होडी, स्नॉर्केलिंग असे समुद्रातले खेळ या सगळ्यांचे पैसे घरून निघण्यापूर्वीच एकरकमी भरायचे. एकदा मनगटावर पट्टी बांधली की आत कुठेही पाकीट काढावे लागत नाही. यांतली कित्येक रिसॉर्ट्स ‘अडल्ट्स ओन्ली’ आहेत, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश नाही. काही ठिकाणी ही अट सोळाची असते. काही साखळ्या आणखी पुढे जाऊन फक्त जोडप्यांनाच खोली देतात. दोन बहिणी, तीन मैत्रिणी, एकटा प्रवासी यांना आरक्षण करताना हा फरक आधी पाहावा लागतो.

‘अडल्ट्स ओन्ली’ या पाटीचा अर्थ जागोजागी बदलतो. बहुतेक ठिकाणी तिचा मतलब एवढाच, की तरणतलावात मुलांचा गोंगाट नाही आणि रात्री जेवणाच्या टेबलावर शांतता आहे. नेग्रिलच्या ‘हेडोनिझम टू’सारख्या जागी मात्र पुळणीचा एक भाग विवस्त्र पाहुण्यांसाठी राखलेला आहे. ओचो रिओसजवळच्या ‘कपल्स टॉवर आइल’समोर एक चिमुकले बेट आहे, तिथेही हीच मुभा आहे. दोन्ही गोष्टी ही हॉटेले उघडपणे सांगतात. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी आई-वडिलांना सहल भेट देणाऱ्या मुलांनी माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, म्हणजे तिथे पोहोचल्यावर कुणाचीच अडचण होत नाही.

जमैकात पर्यटक पहिल्यांदा आले ते केळ्यांच्या बोटीतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोरेन्झो डाऊ बेकर या अमेरिकी कप्तानाने पोर्ट अँटोनियोहून बॉस्टनला केळी न्यायला सुरुवात केली. बॉस्टनहून रिकाम्या परतणाऱ्या बोटींमध्ये थंडीला कंटाळलेले प्रवासी बसवले आणि त्यांच्यासाठी पोर्ट अँटोनियोत टिचफील्ड हॉटेल चालवले. पुढे हा व्यवसाय युनायटेड फ्रूट कंपनीत सामील झाला. माँटेगो बेच्या ‘डॉक्टर्स केव्ह’ या पुळणीची ख्याती त्यानंतरची. १९०६ मध्ये डॉ. अलेक्झांडर मॅककॅटी यांनी आपली किनाऱ्यावरची जागा स्नानाच्या क्लबसाठी दिली. १९२० च्या दशकात सर हर्बर्ट बार्कर या ब्रिटिश अस्थिचिकित्सकाने तिथल्या पाण्याचे गुण गायले आणि धनवंतांची रीघ लागली. तोवर जमैकाचे पर्यटन हिवाळ्यापुरते होते, आणि श्रीमंत गोऱ्यांपुरतेच.

एकरकमी सुट्टीची कल्पना युरोपातली. १९५० मध्ये जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलोपटूने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबूंची वसाहत उभारली आणि ‘क्लब मेडिटेरानी’ सुरू केला. तिथे सगळे एकत्र जेवत, एकत्र खेळत, आणि पुढे पैशांऐवजी माळेतले मणी वापरत. जमैकात ही कल्पना रुजवली ती इस्सा घराण्याने. हे मूळचे बेथलेहेमचे पॅलेस्टिनी कुटुंब. एब इस्सा यांनी १९४९ मध्ये ओचो रिओसजवळ ‘टॉवर आइल’ हॉटेल बांधले. उन्हाळ्यातही पाहुणे यावेत म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली. १९७६ मध्ये याच घराण्याने नेग्रिलला ‘नेग्रिल बीच व्हिलेज’ काढले, तेच पुढे हेडोनिझम टू झाले. १९७८ मध्ये टॉवर आइलचे ‘कपल्स’ झाले आणि फक्त जोडप्यांसाठीच्या ऑल-इन्क्लुझिव्हला सुरुवात झाली.

हा सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध जमैकासाठी अतिशय खडतर होता. मायकेल मॅनली यांच्या लोकशाही समाजवादी सरकारचे अमेरिकेशी बिनसले होते, परकीय चलनाची चणचण होती आणि दोन मोठ्या राजकीय पक्षांचे पाठीराखे किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये बंदुका घेऊन लढत होते. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात सुमारे आठशे माणसे मारली गेली. अमेरिकी वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून पर्यटक आटले, हॉटेले एकामागून एक बंद पडली आणि कित्येक सरकारला ताब्यात घ्यावी लागली. अशा वेळी, ‘विमानतळावर आमची गाडी येईल, फाटकातून आत आलात की बाहेर पडायची गरजच नाही,’ असे सांगणारे हॉटेल पाहुण्याला सुरक्षित वाटले. ऑल-इन्क्लुझिव्हची भिंत त्या भीतीतून उभी राहिली. ही गोष्ट विसरून या रिसॉर्टचे गुणदोष मांडता येत नाहीत.

१९८१ मध्ये गॉर्डन ‘बुच’ स्ट्युअर्ट या जमैकन व्यापाऱ्याने माँटेगो बेच्या विमानतळाला लागून असलेले ‘बे रॉक’ हे मोडकळीला आलेले हॉटेल घेतले. हॉटेलचा धंदा त्यांनी कधी केला नव्हता. १९६८ पासून ते एअर कंडिशनर आणि घरगुती उपकरणे विकत होते. याच जागी त्यांनी ‘सँडल्स’ सुरू केले आणि ऑल-इन्क्लुझिव्हला ऐषारामाची जोड दिली. सामायिक बुफेच्या जोडीला वेगवेगळी उपाहारगृहे आली, बरी वाइन आली, पोहत जाऊन बसता येईल असा बार आला. सँडल्सची साखळी पुढे अनेक कॅरिबियन बेटांवर पसरली आणि २०२१ मध्ये स्ट्युअर्ट वारले तेव्हा ते या प्रदेशातले सर्वांत नावाजलेले हॉटेलवाले होते. एका लहान, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या माणसाने जागतिक साखळ्यांशी बरोबरी करणारा धंदा उभारला, याचे मोल मोठे आहे. मात्र याच साखळीने २००४ पर्यंत समलिंगी जोडप्यांना दार बंद ठेवले होते. लंडनच्या भुयारी रेल्वेत तिच्या जाहिरातींवर बंदी आली, टीका वाढली, तेव्हा तो नियम गेला. देशाचा १८६४ चा कायदा मात्र पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना अजूनही गुन्हा मानतो.

आता पैशांचा हिशेब. दर जवळजवळ नेहमी माणशी आणि एका रात्रीचा सांगितला जातो, आणि खोलीत दोघे राहणार असे धरलेले असते. जाहिरातीतला आकडा दोनाने गुणल्याशिवाय खोलीची खरी किंमत कळत नाही. मधल्या दर्जाच्या रिसॉर्टचा भाव साधारणपणे माणशी अडीचशे ते पाचशे अमेरिकी डॉलरच्या दरम्यान फिरतो, नावाजलेल्या जागी त्याहून बराच वर जातो. तीनशे डॉलर धरले तरी जोडप्याच्या पाच रात्री तीन हजार डॉलरना पडतात, म्हणजे अडीच लाख रुपयांच्या पुढे, विमानाचे भाडे वेगळे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत भाव सर्वांत चढा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो सर्वांत खाली येतो, कारण तेच वादळांचे ऐन दिवस. मे महिना आणि जूनची सुरुवात हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा काळ. गर्दी कमी, दर मधले आणि जमैकाच्या आंब्यांचा हंगाम. या बेटावर ‘बॉम्बे’ नावाचाच एक आंबा लोकांचा जीव की प्राण आहे. तो मधोमध गोल चिरतात, दोन हातांनी दोन वाट्या उलटसुलट पिळतात, बाठा मोकळा होतो आणि गर चमच्याने खातात. तो बुफेत क्वचितच दिसतो. रस्त्याकडेच्या बाईच्या टोपलीत हमखास मिळतो.

रकमेत काय येते आणि काय येत नाही, हे प्रत्येक जागी निराळे. स्पा, बेटावरच्या सहली, खास वाइन, खासगी भोजन, लग्नसोहळा यांचे पैसे सहसा वेगळे. विमानतळावरून नेणे-आणणे काही ठिकाणी धरलेले असते, काही ठिकाणी नसते. माँटेगो बेच्या सँगस्टर विमानतळापासून नेग्रिल गाडीने दीड तास आणि ओचो रिओस त्याहून थोडे लांब, तेव्हा हा खर्च क्षुल्लक नाही. स्कुबा डायव्हिंग काही साखळ्यांत धरलेले असते, पण फक्त प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. शिकायचे असेल तर फी भरावी लागते. बक्षिसीचेही तसेच. एखादी साखळी टिप देऊ नका म्हणते आणि दुसरी याबाबत काहीच बोलत नाही.

या पद्धतीचे गणित सरासरीवर चालते. अमर्याद थाळीत कमी जेवणारा जास्त जेवणाऱ्याचे पैसे भरतो, तसेच इथे होते. जमैकाची रम आणि रेड स्ट्राइप बिअर देशातच बनते आणि हॉटेलला स्वस्तात मिळते, म्हणून ती मुक्तहस्ते दिली जाते. दिवसभर बारवर बसणाऱ्याला हा सौदा फायद्याचा पडतो. दारू न पिणाऱ्या, मांस-मासे न खाणाऱ्या जोडप्याला तो महाग पडतो. महाराष्ट्रातून किंवा न्यू जर्सी-टोरांटोतून जाणाऱ्या अनेक मराठी जोडप्यांची गत नेमकी हीच असते. अशा पाहुण्याने केवळ खोली आणि न्याहारी देणारे हॉटेल घेऊन जेवण बाहेर केले तर बहुतेक वेळा खर्च कमी होतो आणि जेवण जास्त चांगले मिळते.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण रिसॉर्टमधून देश सर्वांत आधी हरवतो तो ताटातून. रोजच्या बुफेत पास्ता, बर्गर, ऑम्लेट, सॅलड हे जगात कुठेही मिळणारे पदार्थ असतात आणि आठवड्यातून एखादी ‘जमैकन नाइट’ होते. बेटावरच्या घरी सकाळी ॲकी शिजते. ॲकी हे पश्चिम आफ्रिकेतून आलेले लाल सालीचे फळ. झाडावर आपोआप उकलल्याशिवाय ते तोडायचे नसते, कारण कच्च्या फळात विष असते. याच कारणाने अमेरिकेने १९७३ पासून २००० पर्यंत त्याची आयात बंद ठेवली होती. उकललेल्या फळातला पिवळट गर उकडून कांदा, टोमॅटो आणि तिखटजाळ स्कॉच बॉनेट मिरचीबरोबर परततात आणि त्यात खारवलेला कॉड मासा घालतात. माशाशिवायही ही भाजी उत्तम होते. शेजारी कॅलालू असते, आणि जमैकाची कॅलालू म्हणजे आपल्या माठाच्याच कुळातली पालेभाजी. नारळाच्या दुधात राजम्याबरोबर शिजवलेला भात रविवारी घरोघरी असतो. रास्ताफारी पंथाच्या लोकांचा ‘आयटल’ स्वयंपाक तर बहुतांशी शाकाहारी असतो. करी आणि रोटी तिथे रुळली ती हिंदी गिरमिटियांमुळे. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल हंटर’ हे जहाज त्यांची पहिली तुकडी घेऊन ओल्ड हार्बर बेला लागले, आणि १९१७ पर्यंत छत्तीस हजारांहून अधिक माणसे, मुख्यतः उत्तर भारतातली, उसाच्या मळ्यांवर नेली गेली. शाकाहारी मराठी माणसाला जमैकात उपाशी राहावे लागत नाही. फक्त हे अन्न बहुधा फाटकाबाहेर असते.

पुळणीवर कुणाचा हक्क आहे, हा या सगळ्यातला सर्वांत गंभीर प्रश्न. कोकणच्या समुद्राला भरती-ओहोटीचा मोठा फेर असतो, पाणी कधी बांधाला लागते तर कधी दूर जाते. जमैकाच्या समुद्राचा चढउतार जेमतेम एक फुटाचा. त्यामुळे हॉटेलला पाण्याच्या काठावर कायमच्या खुर्च्या मांडता येतात आणि पुळण म्हणजे हॉटेलचेच अंगण वाटू लागते. नेग्रिलच्या लांब पांढऱ्या पुळणीवर हे उघड दिसते. हॉटेलच्या हद्दीवर एक दोर किंवा खुणेचा खांब आणि तिथे गणवेशातला रखवालदार. पलीकडे ओल्या वाळूवरून कोरफड, फणी, लाकडी कासवे आणि सोललेली फळे घेऊन माणसे चालत असतात. पाहुणा दोर ओलांडून त्यांच्याकडे जाऊ शकतो. त्यांना दोर ओलांडून पाहुण्याकडे येता येत नाही.

यामागे कायदा आहे. वसाहतीच्या काळातल्या १९५६ च्या ‘बीच कंट्रोल ॲक्ट’ने किनारपट्टी आणि समुद्रतळ राजसत्तेच्या मालकीचा ठरवला, पण सामान्य माणसाला तिथे जाऊन पोहण्याचा सरसकट हक्क दिला नाही. परवाना घेऊन हॉटेल पुळण वापरते आणि जमिनीवरून येणारी वाट त्याच्या आवारातून जात असल्याने ती बंद करते. स्वातंत्र्य १९६२ मध्ये आले, कायदा राहिला. जिथे बाप-आजे होड्या लावत आणि पोहायला शिकत तिथे भिंत पाहून अलीकडे स्थानिक लोक संघटित झाले आहेत. ‘जमैका बीच बर्थराइट एन्व्हायर्नमेंटल मूव्हमेंट’ ही संस्था वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या वहिवाटीसाठी न्यायालयात लढते आहे. गोव्याला हा झगडा परका नाही. दोनापावलाजवळच्या वांयगिणी किनाऱ्याकडे जाणारी वाट एका हॉटेलमुळे अडली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००९ मध्ये न्यायालयाने लोकांची वाट खुली ठेवायला लावली. समुद्रकिनारा ही सरकारकडे जनतेची ठेव आहे, हे तत्त्व त्या निकालात स्पष्ट मांडले आहे. जमैकाच्या लोकांची मागणी याहून वेगळी नाही आणि ती पूर्णपणे न्याय्य आहे.

पाहुण्याने भरलेल्या पैशांपैकी बेटावर किती राहतात, यावर अर्थतज्ज्ञांचे एकमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने दिलेल्या एका जुन्या अंदाजात कॅरिबियनमध्ये शंभरातले ऐंशी डॉलर पुन्हा बाहेर जातात, भारतात चाळीस, असे म्हटले आहे. हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो, पण तो प्रत्येक बेटाला आणि प्रत्येक हॉटेलला सारखा लागू करणे चुकीचे ठरेल. बाहेर पैसा जाण्याच्या वाटा मात्र स्पष्ट आहेत. आरक्षण परदेशी सहल कंपनीकडे होते, विमान परदेशी, मांस, चीज, वाइन, गाद्या, लिफ्ट सगळे आयात. २००० नंतर मोठी स्पॅनिश हॉटेले आली, त्यांचा नफा स्पेनला जातो. जमैकन मालकीच्या हॉटेलात निदान नफ्याचा काही भाग देशात राहण्याची शक्यता असते. शेतकरी आणि हॉटेल यांना जोडणारी ‘ॲलेक्स’ ही सरकारी व्यवस्था २०२० मध्ये सुरू झाली. ती वाढली तर बुफेतला टोमॅटो सेंट एलिझाबेथ परगण्यातल्या शेतातून येईल. ऑल-इन्क्लुझिव्हचा खरा फटका बसतो तो फाटकाबाहेरच्या खानावळीला, टॅक्सीवाल्याला आणि हस्तकलेच्या बाजाराला. ज्याने जेवणाचे पैसे आधीच भरले आहेत तो बाहेर जेवायला जात नाही.

आत काम करणाऱ्यांची बाजूही याच तागडीत ठेवायला हवी. जून २०२५ पासून जमैकाचे किमान वेतन चाळीस तासांच्या आठवड्याला १६,००० जमैकन डॉलर आहे, म्हणजे सुमारे शंभर अमेरिकी डॉलर. वर धरलेल्या दराने एका जोडप्याची एक रात्र सहाशे डॉलरची, म्हणजे किमान वेतनावरच्या माणसाच्या सहा आठवड्यांची कमाई. हॉटेलात अनेकांना किमान वेतनापेक्षा जास्त मिळते, सेवाशुल्कातला वाटा मिळतो, बक्षिसी मिळते. ही नोकरी उसाच्या मळ्यापेक्षा बरी, आणि हजारो घरांतल्या मुलांची शिक्षणे तिच्यावर झाली आहेत. पण कंत्राटी नेमणुका, लांबलेल्या पाळ्या आणि माँटेगो बेभोवती नीट घरे नसणे या तक्रारी जुन्या आहेत. २०२४ च्या अखेरीस अनेक हॉटेलांतल्या कामगारांनी काम थांबवून त्या रस्त्यावर मांडल्या. पर्यटन कामगारांसाठी खास निवृत्तिवेतन योजना २०२२ मध्ये आली, ती या क्षेत्रातली अलीकडची सर्वांत चांगली गोष्ट म्हणावी लागेल.

पाण्याखालचे चित्र उदास आहे. १९७० च्या दशकात जमैकाच्या प्रवाळांवर जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासाला येत. १९८० मध्ये ॲलन वादळाने प्रवाळ मोडले. १९८३-८४ मध्ये एका रोगाने लांब काट्यांचे काळे समुद्रसाळू जवळजवळ संपवले. हे प्राणी शेवाळ खात. शेवाळ खाणारे पोपटमासे आधीच बेसुमार मासेमारीने घटले होते, त्यामुळे प्रवाळांवर शेवाळाचे राज्य झाले. निम्म्याहून अधिक समुद्रतळ झाकणारे जिवंत प्रवाळ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्याही खाली आले. प्रवाळ लाटांचा जोर अडवतो आणि पोपटमासा प्रवाळ कुरतडून वाळू टाकतो. दोन्ही कमी झाल्यावर पुळण झिजणारच, आणि नेग्रिलची पुळण झिजते आहे. तिथल्या दलदलीवर आणि समुद्रगवतावर हॉटेलांनी केलेल्या अतिक्रमणाचा त्यात वाटा आहे. चांगले प्रयत्नही झाले आहेत. ओराकाबेसाच्या कोळ्यांनी २०१० मध्ये आपल्या खाडीत मासेमारीबंद क्षेत्र आखले आणि मासे परतले. सँडल्सच्या २००९ मध्ये स्थापन झालेल्या प्रतिष्ठानानेही बॉस्कोबेल आणि व्हाइटहाउस इथल्या अशा क्षेत्रांना हातभार लावला आहे. २०११ पासून अटलांटिकमधून तरंगत येणारे सारगॅसम शेवाळ ही नवी डोकेदुखी. काही महिन्यांत ते किनाऱ्यावर साचून कुजते आणि दुर्गंधी येते. जाहिरातीतल्या छायाचित्रात ते नसते, म्हणून त्या हंगामातली अलीकडची छायाचित्रे मागून घ्यावीत.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. १२ सप्टेंबर १९८८ रोजी गिल्बर्ट वादळ बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. जुलै २०२४ मध्ये बेरिलने दक्षिण किनारा झोडपला. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह नैर्ऋत्येला धडकले. जमैकाच्या नोंदलेल्या इतिहासात इतके जोरदार वादळ किनाऱ्यावर आलेले नाही. ब्लॅक रिव्हर हे गाव उद्ध्वस्त झाले, पश्चिमेकडची अनेक रिसॉर्ट्स बंद पडली आणि पुढच्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उघडली. वादळांच्या हंगामात जाणाऱ्याने पैसे परत मिळण्याची अट आणि विमा दोन्ही नीट पाहावेत. आणि वादळानंतर बेट टाळू नये, उभे राहण्यासाठी लोकांना रोजगाराची गरज तेव्हाच सर्वाधिक असते.

सुरक्षिततेचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. जमैकातल्या खुनांचे प्रमाण अनेक वर्षे जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. २०१८ मध्ये माँटेगो बेच्या परगण्यात आणीबाणी लावली गेली तेव्हा ब्रिटनने आपल्या नागरिकांना हॉटेलातच थांबायचा सल्ला दिला होता. अलीकडे खुनांमध्ये मोठी घट झाली आहे. हिंसाचार मुख्यतः काही ठरावीक वस्त्यांत, टोळ्यांच्या आपसातल्या वैरातून होतो आणि पर्यटक त्याचा बळी क्वचित ठरतो. अनोळखी शहरात घ्यायची काळजी इथेही घ्यावी. रात्री एकट्याने आडबाजूला जाऊ नये, अधिकृत लाल नंबरपाटीची टॅक्सी घ्यावी, शहरांमधल्या प्रवासाला नट्सफर्ड एक्सप्रेसची बस वापरावी. ती वेळेवर सुटते आणि स्वस्त आहे. रस्त्यावर वस्तू गळ्यात मारणारे भेटतात. हसून, ठामपणे ‘नको’ म्हटले की बहुतेक जण पुढे जातात.

या भिंतीबाहेर जे आहे ते थोडे नाही. २,२५६ मीटर उंचीचा ब्लू माउंटन आणि त्याच्या उतारावरचे कॉफीचे मळे, बॉस्टन बेची धुरात भाजलेली जर्क कोंबडी, नाइन माइल गावातले बॉब मार्लीचे जन्मघर, ॲकॉम्पाँगमधले मरून लोक, ज्यांच्या पूर्वजांनी गुलामगिरीतून पळून जाऊन इंग्रजांना तहाला भाग पाडले. दक्षिणेला ट्रेझर बीचवर गावकऱ्यांनीच चालवलेली छोटी अतिथीगृहे आहेत आणि तिथली पुळण कोळ्यांचीही आहे. आणि किंग्स्टन. मराठी माणसाला जमैका ठाऊक झाला तो किंग्स्टनच्या सबिना पार्कमुळे. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी फेब्रुवारी १९७१ मध्ये तिथे २१२ धावा काढल्या, एकनाथ सोलकरने त्यांना साथ दिली आणि अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला. भारतीय क्रिकेटला कलाटणी देणारी ती मालिका या मैदानावर सुरू झाली. माँटेगो बेच्या रिसॉर्टवर उतरून तिथूनच परतणारा पाहुणा किंग्स्टन पाहत नाही.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टला सरसकट वाईट म्हणता येत नाही. ज्यांना वर्षाचा थकवा घालवायचा आहे, ज्यांना रोज किती खर्च होईल याची धास्ती नको, ज्यांचे गुडघे किंवा प्रकृती फिरायला साथ देत नाही, मुले मोठी झाल्यावर ज्या जोडप्याला चार दिवस निवांत समुद्राकडे पाहत बसायचे आहे, त्यांना ते हवे ते देते, आणि कबूल केल्याप्रमाणे देते. न्यूयॉर्कहून माँटेगो बेचे विमान चार तासांचे. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यातल्या आठवड्यासाठी ही जागा सोयीची आहे. मुंबई-पुण्याहून मात्र थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेत विमान बदलावे लागते, अमेरिकेतून जायचे तर ट्रान्झिट व्हिसाही काढावा लागतो, आणि जाण्या-येण्यात तीन-चार दिवस मोडतात. इतका प्रवास करून केवळ तलाव, बार आणि खुर्ची हवी असेल तर ती थायलंडला किंवा मालदीवला निम्म्या त्रासात मिळते.

जमैकाला जायचेच ठरले तर अर्धे दिवस रिसॉर्टमध्ये आणि अर्धे दिवस एखाद्या छोट्या अतिथीगृहात काढावेत. आरक्षणापूर्वी हॉटेलला विचारावे, की मालक जमैकन आहे का, भाजीपाला बेटावरचा घेता का, आणि तुमच्या पुळणीवर गावकऱ्यांना येता येते का. हे प्रश्न पाहुण्यांनीच वारंवार विचारले तर हॉटेलांना उत्तरे द्यावी लागतील.